चौथा डबा

समोर काहीही आलं की खड्डेबाबा आधी ते नाकाशी न्यायचे. भात असो, सरपण असो, कोणाचा नवा सदरा असो. दोन बोटं नाकाखाली, डोळे बारीक, मान जराशी कलती. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग निकाल. मध्येच कोणी घाई केली तर उत्तर ठरलेलं: "आदी हुंगा, मंग बोला."

मी त्यांच्या हातात पहिलं पत्रक दिलं तेव्हा त्यांनी तेसुद्धा हुंगलं. लाल शाईत छापलेलं, 'कामगार बंधूंनो, जागे व्हा!' बाबांनी ते नाकाला लावलं आणि मला परत दिलं.

"शाई वली हाय आजून," ते म्हणाले. "वाळू द्या जरा."

तुम्ही हसाल. भटारखान्याच्या ओट्यावर बसलेले फिटरही हसले. मला मात्र राग आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग येत असे, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असे. ही हकीगत त्या एका वेळेची, जेव्हा तो अर्धाच बरोबर निघाला.

दुसरी लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. राहुरी तालुक्यातल्या एका उघड्या माळावर कोणा मालकाचा साखर कारखाना उभा राहत होता. जवळचं गाव दोन कोस. बेलापूर स्टेशन बैलगाडीने अर्धा दिवस. धान्य आठवड्यातून एकदा ट्रकने यायचं, आणि ट्रक बिघडला की यायचं नाही. फिटर, गवंडी, कारकून मिळून दोन-अडीचशे माणसं कंपनीच्या भटारखान्यात जेवत. त्यांच्या पलीकडे, खडीच्या ढिगाआड, मातीकामाची माणसं राहत. पाथर्डीकडून आलेली. कंपनी म्हणे, ती कंत्राटदाराची माणसं. कंत्राटदार म्हणे, जेवण माझ्या करारात नाही. त्यांची रेशनकार्डं गावाकडच्या दुकानाची, इथे कोणी विचारत नसे. ती माणसं काय खातात, हे बघायचं काम कोणाचंच नव्हतं.

मी बावीस वर्षांचा, नगरहून आलेला, काखेत पत्रकांचा गठ्ठा. युनियन बांधायची होती. पत्रकं लिहून लिहून माझी एक पद्धत बसली होती: अन्याय शोधायचा, त्याला मथळा द्यायचा आणि एक नाव ठळक टाइपात घालायचं. नाव घातल्याशिवाय पत्रकाला धार येत नाही, असं आम्ही मानत असू.

हजेरीपटात बाबांच्या नावापुढे काम लिहिलेलं होतं, 'खरकटे टाकणे'. हा माणूस काहीच टाकत नसे.

भटारखान्यामागे शंभर पावलांवर, वारा लागणार नाही अशा अंगाला, त्यांचे सहा खड्डे होते. प्रत्येकाला वार. सोमवारचा खड्डा, मंगळवारचा खड्डा, असे शनिवारपर्यंत. माळावरचे लोक त्यांना खड्डेबाबा म्हणत ते यावरूनच. रविवारी बाबा मिशनच्या गावी चर्चला जायचे, तेव्हा त्या दिवसाचं खरकटं राखेखाली झाकून सोमवारची वाट बघायचं. निघण्यापूर्वी ते राखेचा थर दुप्पट देत. "देवानं सुट्टी घेतली," ते म्हणत, "माश्यांनी कुटं घेतली?"

खड्ड्यात आधी वीतभर उसाचं पाचट, त्यावर खरकटं, त्यावर चुलीची राख, मग माती, वर शेणकाल्याचा शिंपडा. खड्डा भरला की तो मिटायचा आणि शेजारी नवा निघायचा, वार तोच. मधूनमधून फावड्याने वरचं खाली, खालचं वर. काही महिन्यांनी त्यातून काळीभोर, चहाच्या भुकटीसारखी माती निघायची. देवळाली प्रवऱ्याकडचा एक बागाईतदार ती गाडीने न्यायचा आणि येताना गाडीभर पाचट टाकून जायचा. बाबांनी त्या मातीची मूठ माझ्या नाकाशी धरली तेव्हा मी तोंड फिरवलं.

"आवं, हुंगा तर."

हुंगलं. नुकत्याच नांगरलेल्या रानाचा वास. खरकट्याचा मागमूस नाही.

"दिवाळीची आमटी हाय ती," ते म्हणाले. "फुडल्या साली ऊस हुईल."

हे सगळं ते इराकातल्या बसऱ्याला शिकले होते. पहिल्या लढाईत तिथल्या इस्पितळाच्या छावणीत ते कामाला होते. "तितं गोळीनं कमी मेली, माशीनं लई मेली," एवढंच ते त्या लढाईबद्दल सांगत. वाळवंटात टाकायला जागा खूप, म्हणून लोक कुठेही टाकत आणि मग आजारी पडत. माळावरही हेच होणार, हे त्यांनी आल्या दिवशी ओळखलं आणि कोणी न सांगता पहिला खड्डा खणला.

भटारखान्याच्या मागल्या दाराशी त्यांचे घासलेटचे चार डबे असत. पहिल्यात देठं आणि सालं, पाण्याच्या गाड्याच्या बैलांसाठी. दुसऱ्यात डाळ-तांदळाचं धुवण, तेही गोठ्याकडे. तिसऱ्यात ताटांतलं उष्टं, ते खड्ड्यात. चौथ्या डब्याला झाकण होतं आणि कडेने चुन्याचा पांढरा पट्टा. त्याची चौकशी मी उशिरा केली, म्हणून इथेही तो उशिराच येतो.

दुपारी जेवणं सुटली की बाबा ताटं धुण्याच्या जागी उभे राहायचे. बोलायचे नाहीत कोणाला. फक्त ताटात बघायचे.

"फिटरसाहेब, वांगं आवडलं न्हाई व्हय?"

एवढंच. त्या फिटरने पुढे कधी वांगं टाकलं नाही. आवडायला लागलं म्हणून नव्हे, हा प्रश्न पुन्हा येऊ नये म्हणून. उष्ट्यावरून बाबा आचाऱ्याला उद्याचा अंदाज सांगत. "महाराज, उद्या तांदूळ पायलीभर कमी घ्या. गवंडी गावाला चालल्यात." आचारी त्यांना उंबरठा ओलांडू देत नसे. त्यांचा अंदाज मात्र निमूट ऐकत असे.

एकदा मला म्हणाले, "काय पत्रकवाले, सभा शनवारी कशाला? उद्याच घ्या. आज ताटं भरल्याली परत आली. भाकरी कच्ची न्हवती, आमटी बराबर हुती. मानसं रागात हाईत."

मी दुसऱ्याच दिवशी घेतली. सगळा माळ लोटला. मी समजत होतो माझ्या भाषणाला लोटला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी भटारखान्याच्या मागल्या दाराशी गेलो. आचारी उंबरठ्याच्या आत उभा होता आणि हात लांब करून, पळी डब्याला लागू नये म्हणून उंचावरून भात ओतत होता. बाबा खाली वाकून डबा धरून होते. थोड्या वेळाने खडीच्या ढिगाआडून सात-आठ बाया आल्या. पुढे पारूबाई, मातीकामावरची सगळ्यांत जुनी बाई, तोंडाने फटकळ. बाबांनी त्याच डब्यातून त्यांच्या पातेल्यांत भात घातला. वर पत्र्यावर वाळवलेले भाकरीचे कुटके दिले, मूठमूठ. बाया मागून आल्या तशा मागून गेल्या.

मला एवढं पुरलं. मी हुंगलं नाही, विचारलं नाही, झाकणाला हातही लावला नाही. तसाच नगरला गेलो. चौथ्या दिवशी पत्रक माळावर होतं. 'मजुरांच्या बायकांना उष्टे अन्न! कंपनीच्या हस्तकाचे काळे कृत्य!' आणि खाली बाबांचं पूर्ण नाव. मथळ्याएवढ्या टाइपात.

आता चौथ्या डब्यात काय असायचं ते सांगतो. ताटात वाढलेलं त्यात कधीच जात नसे. भांड्यात उरलेलं, कोणाचा हात न लागलेलं, तेवढंच. तेही बाबा हुंगून घेत. "भाताची अब्रू चार वाजेपत्तर," असं ते म्हणत. उन्हाळ्यात चारनंतरचा भात खड्ड्यात, मग कोणी कितीही मागो. म्हणून तर डब्याला पट्टा होता, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. खडीच्या ढिगाआडची माणसं त्या डब्यावर तगून होती. जी गोष्ट कंपनीने करायची, ती खरकटं टाकणारा एक म्हातारा करत होता, आणि मी त्यालाच धरलं.

मॅनेजर पत्रक वाचून घाबरला. सरकारी चौकशी येईल म्हणून त्याने हुकूम काढला: भटारखान्यातलं उरलंसुरलं सगळं मागच्या ओघळीत टाकायचं, एक शीतही कोणाला द्यायचं नाही, खड्डे बंद. बाबांना खडी फोडायला लावलं. मी सभेत सांगितलं की आपण जिंकलो. टाळ्या पडल्या.

आठ दिवसांत ओघळ काळी पडली. जेवताना एका हाताने माश्या वारायच्या, एका हाताने घास घ्यायचा. दोन गवंडी हगवणीने पडले. आणि एका दुपारी मला ओघळीच्या कडेला पारूबाई दिसली. उकिडवी बसून ती टोपलीत काहीतरी पाण्याने खळबळत होती.

"पारूबाई, हे काय करताय?"

"दिसत न्हाई व्हय? भात धुतीया."

"अहो, पण हे उष्टं आहे!"

"आता हाय," ती म्हणाली. टोपलीवरून नजर उचलली नाही. "पयलं न्हवतं. तू छापलंस न्हवं का, आमी उष्टं खातो म्हनून? घे. केलं आमी खरं."

शेजारची बाई म्हणाली, "सरक की रं बाजूला. उजेड अडतोय."

मी सरकलो. तिथून थेट खडीवर गेलो. बाबा तळपत्या उन्हात डोक्याला फडकं बांधून दगड फोडत होते. मी म्हणालो, "बाबा, माझं चुकलं." हातोडी थांबली नाही.

"बसा. तोंड तिकडं करा, कपची डोळ्यात जाईल."

मी तोंड तिकडे करून बसलो. पाठीमागून बाबांचा आवाज आला.

"गावात लगीन असलं की माजी आय पत्रावळीच्या ढिगापाशी बसायची. मी तिच्या मांडीवर. पंगत उठली की पत्रावळी यायच्या. एका अंगानं कुत्री, एका अंगानं आमी. त्यातली लापशी मला लई गोड लागायची." हातोडीचे दोन घाव. "ती गोड लागली, त्येच मला आजून सलतंय."

मी तोंड तिकडेच ठेवून ऐकत राहिलो.

"मोठा झालो, बाप्तिस्मा घेतला, बसऱ्याला जाऊन आलो. तवा ठरवलं, माज्या हातनं एकाच्या ताटातला घास दुसऱ्याच्या तोंडी जानार न्हाई. शपत न्हाई घेतली, आमच्यात शपत घेत न्हाईत. नुसतं ठरवलं. आन् तुमी माजं नाव त्याच उष्ट्याशेजारी छापलंत. लई मोठ्ठं छापलंत, पत्रकवाले. माजी लेक मिशनच्या शाळंत मास्तरीण हाय. तिनं वाचलं."

"मी दुसरं पत्रक काढतो. माफी मागतो. खरं काय ते तुमच्या नावानिशी लिहितो."

"नगं." पहिल्यांदाच हातोडी खाली ठेवली. "आता माजं नाव कुटंच छापू नका. चांगलं म्हनून बी नगं."

म्हणून या लिखाणात ते नाव नाही.

"मग मी करू काय?"

"दाराचं करा. तुमाला आला तो राग बराबर हुता. महाराज वरनं भात वततो आन् मी खाली डबा धरतो, तवा मला माज्या आयचा पदर दिसतो. तिला बी असंच वरनं टाकायचे. पर मी म्हनलं, भात पोटात जातोय नव्हं, मागल्या दारानं तर मागल्या दारानं. मी गप बसलो. बोलनारे तुमी हुता. तर तुमी दार सोडून डब्यावर लिवलंत."

मी आजवर ऐकलेल्या सगळ्या टीकेत एवढी नेमकी टीका माझ्यावर कोणी केलेली नाही.

त्या संध्याकाळी मी फिटर-गवंड्यांची सभा घेतली आणि उभं राहून सांगितलं की पत्रक खोटं होतं, मी न बघता लिहिलं. टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणीतरी विचारलं, "मग आता?" मी सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर एकाही माणसाने ताट धुण्याच्या जागी ठेवलं नाही. प्रत्येक जण आपापलं ताट घेऊन उठला, रांगेत शंभर पावलं चालला आणि आपलं उष्टं आपल्या हाताने खड्ड्यात घालून, मूठभर राख टाकून परत आला. वांग्याचा तो फिटर सगळ्यांत पुढे. मॅनेजर व्हरांड्यात उभा राहून बघत होता. कोणाला काय म्हणून कामावरून काढणार? खरकटं खड्ड्यात टाकलं म्हणून?

खडीच्या ढिगावर बाबा हातोडी विसरून उभे होते. कोणीतरी भलत्याच खड्ड्याशी वाकला तसे तिथून ओरडले, "आवं, आज बुधवार हाय! त्यो गुरवारचा!"

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी वारा फिरला आणि ओघळीचा वास मॅनेजरच्या बंगल्यात शिरला. त्या आठवड्यात मालक यायचे होते. वारा काही आमच्या युनियनचा सभासद नव्हता, पण त्याने काम चोख केलं. खड्डे उघडले. बाबा परत आले. उरलेलं अन्न मातीकामाच्या माणसांना द्यायची परवानगी मिळाली.

राहिलं दार. तिथे आचारी अडून बसला. पुढल्या ओट्यावर त्या बायांना वाढणार नाही, नोकरी सोडीन. मी लगेच तावातावाने बोलायला लागलो. बाबांनी माझा दंड धरला आणि आचाऱ्याला उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले, "महाराज, तुमी वाढू नका. भांडं पुढल्या ओट्यावर ठेवा आन् आत जावा. पळी पारूच्या हातात द्या."

"हातात नाही देणार."

"भांड्यात ठेवा. ती उचलंल."

असं ठरलं. हा विजय होता असं मी म्हणणार नाही. आचारी भांडं ठेवून आत जायचा, परत न्यायच्या आधी ते राखेने घासून घ्यायचा आणि पुन्हा आंघोळ करायचा. मी चिडलो की बाबा म्हणत, "करू द्या की. उनाळा हाय. बरंच हाय त्याला."

पण पहिल्या दिवशीची ती पंगत मी पाहिली आहे. पुढल्या ओट्यावर, सावलीत, कंपनीच्या जर्मनच्या ताटांत. पारूबाईने सगळ्यांना वाढलं, मग एक ताट बाबांपुढे ठेवलं. "बसा. दुसऱ्यांचंच हुंगत बसलाय जलमभर." बाबांनी सवयीने दोन बोटांवर भात घेतला, नाकाशी नेला. सगळी पंगत घास थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"बराबर हाय," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

जेवणं झाल्यावर त्यांनी ताटांत डोकावून पाहिलं. तिसऱ्या डब्यात टाकायला काही नव्हतं.

कारखान्याचा पहिला भोंगा बाबांनी ऐकला नाही. त्याआधीच्या पावसाळ्यात ताप आला म्हणून मिशनच्या गावी लेकीकडे गेले आणि आठवड्याभरात तिथेच गेले. मला निरोप मिळाला तोवर माती झाली होती. मी पोचलो तेव्हा कबरीशी चार माणसं होती. पारूबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी माळावरून पायी आल्या होत्या. आणि बाबांची लेक, पांढऱ्या लुगड्यातली, चष्मा लावलेली. ती माझ्याशी आजवर एक शब्द बोलली नव्हती.

साधा लाकडी क्रूस होता, अजून कोरा. लेकीच्या हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सभेचे फलक तुम्हीच रंगवता ना?"

"हो."

"मग लिहा."

मी डबा घेतला. ब्रश बुडवण्यापूर्वी माझ्याही नकळत डबा नाकाशी गेला होता. लेक दुसरीकडे बघत होती. पारूबाई बघत होती.

मी गुडघ्यांवर बसलो आणि नाव लिहिलं. बोटाच्या पेराएवढी अक्षरं, एका ओळीत.

"काय लिवलंस?" पारूबाई मागून म्हणाली. "वाच बरं मोठ्यानं."

मी वाचलं.

"आन् म्होरं?"

"म्होरं काही नाही. नुसतं नाव."

ती जवळ आली, वाकली. तिला वाचता येत नव्हतं, तरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तिने बोट नेलं, लाकडाला न लावता.

"वलं हाय आजून," ती म्हणाली. "वाळू दे."